बदामाच्या पिठाचा फ्रूट केक मधोमध का बसतो?

ओव्हनमध्ये छान फुगतो, वरून सोनेरी होतो आणि बाहेर काढून दहा मिनिटं झाली की मधोमध खड्डा. कापला तर तळाशी पिवळसर, चिकट थर. चव वाईट नसते, पण पाहुण्यांपुढे ठेवायची सोय नाही. बदामाच्या पिठाचा साधा फ्रूट केक करणाऱ्या अनेकींची ही तक्रार असते. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या, संत्र्याच्या मोर्शी-वरूडकडे ती जरा जास्तच, कारण इथे केकमध्ये संत्रं घातल्याशिवाय कुणाला राहवत नाही. "काहून बसते वो वहिनी हा केक? पावडर तं चांगली दोन चमचे टाकली होती," हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागतो की एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकते.

पावडरीपासूनच सुरुवात करू. केक बसला की पुढच्या वेळी बेकिंग पावडर वाढवायची, हा उपाय नाही. त्यानेच केक जास्त बसतो. जास्त वायू झाला की घोळ भराभर वर चढतो. त्याला धरून ठेवणारं आत काही शिजलेलं नसतं, म्हणून तो तितक्याच वेगाने खाली येतो. २०० ग्रॅम बदाम पिठाला चहाचा एक लहान चमचा सपाट भरून पावडर पुरते. डबा जुना असेल तर चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाका. सळसळून फेस आला तर पावडर जिवंत आहे. एवढी खात्री झाली की तिचं नाव घेऊ नका.

मैद्याच्या केकमध्ये गव्हाचं ग्लुटेन आणि स्टार्च मिळून भिंती उभ्या करतात. बदामात ग्लुटेन नाही आणि स्टार्च नावापुरतं. बदामाचा जवळपास अर्धा भाग तेल असतो. प्रथिनं साधारण पाचवा भाग असतात खरी, पण त्यांची मैद्यासारखी ताणणारी जाळी होत नाही. या केकला उभं ठेवण्याचं काम एकटं अंडं करतं. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात, पण सोबत साखर आणि तेल असलं की ती जास्त तापमान मागतात. केकचा मधला भाग ९५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत तिथे फक्त वाफेवर तरंगणारा फेस असतो. कडा आधी शिजतात, मध्य सगळ्यात शेवटी. म्हणून खड्डा मधोमधच पडतो.

तेव्हा विचारायचे प्रश्न दोनच. घोळात पाणी किती गेलं? आणि मध्यापर्यंत उष्णता किती पोचली?

आधी बसलेला केक नीट पाहा

फेकू नका, वाटीत चुरून दुधासोबत संपवायची घाईही करू नका. धारदार सुरीने बरोबर मधून कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. सुरीला पिठूळ, ओला लगदा चिकटून आला आणि खड्ड्याखालचा भाग कच्च्या घोळासारखा दिसला, तर केक मध्यात शिजलेलाच नाही. खड्डा आहे पण आतली जाळी वरपासून खालपर्यंत सारखी आहे, अंगठ्याने दाबलं की परत वर येते, तर केक ठीक आहे. बदामाचा केक थोडा दबतोच, मैद्याच्या केकसारखा घुमट त्याच्याकडून मागू नये. तिसरा प्रकार म्हणजे वरचा भाग उत्तम, पण तळाशी बोटभर जाडीचा गडद, चकचकीत, दाट थर. तो दाबला की बोटाला तेल लागतं किंवा पाणी सुटल्यासारखं वाटतं. तेल लागलं तर दोष पिठात किंवा लोण्यात शोधा. पाणी असेल तर फळात, नाहीतर केक थंड करण्याच्या पद्धतीत.

बहुतेकींचा केक पहिल्या किंवा तिसऱ्या प्रकारात मोडतो, कधी दोन्हीत.

घरी दळलेलं पीठ

तयार बदाम पीठ आमच्या बाजारात सहसा मिळत नाही. अमरावतीहून किंवा ऑनलाइन मागवलं तर भाव ऐकूनच केक बसतो. त्यामुळे बदाम घरीच सोलून मिक्सरमधून काढतात आणि बरीचशी भानगड तिथेच होते. गरम पाण्यात भिजवून साल काढलेले बदाम वरून कोरडे दिसतात, आत मात्र ओले असतात. फडक्याने पुसून लगेच दळले तर पिठासोबत लपलेलं पाणी केकमध्ये जातं आणि कृतीत त्याचा हिशेबच नसतो.

हाताला कोरडं लागतंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका, वजन करा. सालासकट २०० ग्रॅम बदाम घेतले असतील, तर सोलून पूर्ण वाळल्यावर ते १९० ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत, कारण सालाचं वजन गेलं. काटा २२० दाखवत असेल तर ३० ग्रॅम पाणी अजून आत बसलेलं आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात पातळ फडक्याखाली पसरले की दिवसभरात काम होतं. पावसाळ्यात मात्र दोन दिवस पसरूनही बदाम ओलसर राहतात. तेव्हा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) अगदी मंद ठेवून, दार किंचित उघडं ठेवून वाळवा. रंग बदलू द्यायचा नाही.

दळताना उलटी अडचण येते. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं, बदाम तेल सोडतो आणि पिठाऐवजी लोणी व्हायला लागतं. उन्हाळ्यात, स्वयंपाकघरातच चाळीस अंश असताना, हे बघता बघता होतं. वाळलेले बदाम दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. त्यात कृतीतल्याच साखरेतली दोन चमचे साखर घाला आणि बटण दाबा-सोडा, दाबा-सोडा असं थांबत थांबत फिरवा. रव्याच्या चाळणीने चाळून जाड राहिलेलं पुन्हा फिरवा. तयार पीठ चमचाभर वर्तमानपत्राच्या कागदावर पसरून पाच मिनिटांनी पाहा. कागदावर डाग उमटला तर तेल सुटलंय. ते पीठ बर्फीला वापरा, केकला नको.

बदाम चक्कीवर न्यायचा विचार काहीजणी करतात. चक्कीवाल्या भाऊंनी हात जोडले तर रागावू नका, तेलकट दाणा जात्याला चिकटतो आणि त्यांना अर्धा दिवस साफसफाईला लागतो. शिवाय घरात कुणाला गहू चालत नाही म्हणून हा केक करत असाल, तर गव्हाच्या चक्कीवर दळलेला बदाम त्यांच्या कामाचाच नाही.

संत्रं: चवीचा राजा, पाण्याचा डोंगर

अख्खं संत्रं सालासकट उकडून, वाटून बदामाच्या केकमध्ये घालायची पद्धत भूमध्य सागराच्या भागातली. तिकडच्या कृतीतलं फळ मात्र वेगळं. त्यांचं घट्ट सालीचं, जड फळ आणि आपलं सैल सालीचं नागपुरी संत्रं, ज्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, यांच्यात वजनाचा आणि सालीच्या जाडीचा बराच फरक आहे. त्यामुळे 'दोन संत्री घ्या' या वाक्याला आपल्या भागात काही अर्थ नाही. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं, मृग बहाराचं होळीच्या आगेमागे. दोन्ही बहारांत, एकाच झाडावरसुद्धा, लहान-मोठी फळं असतातच. मोजून नाही, तोलूनच घ्यायचं.

उकडलेल्या संत्र्याच्या २०० ग्रॅम गरात १७० ग्रॅमच्या आसपास निव्वळ पाणी असतं. २०० ग्रॅम बदाम पीठ एवढं पाणी धरू शकत नाही, कारण ते शोषायला त्याच्याकडे स्टार्चच नाही. पाणी घोळात मोकळं राहतं आणि केक भाजताना खाली उतरतं. तळाशी जो ओला थर बसतो, तो बहुतेक वेळा हाच.

म्हणून गर आटवायचा. संत्री कुकरमध्ये भरपूर पाणी घालून मऊ होईपर्यंत उकडा, काडी सालीतून आरपार अलगद गेली पाहिजे. हे पाणी कडू असतं, ते फेकून द्या. गार झाल्यावर संत्री फोडून एकूण एक बी काढा. आपल्या संत्र्यात बिया भरपूर, आणि मिक्सरमध्ये एखादी जरी वाटली गेली तरी सगळा केक कडवट होतो. मग साल आणि गर एकत्र वाटा, २५० ग्रॅम तोलून कढईत घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. सुरुवातीला तो पिठल्यासारखा फुटतो, हातावर उडतो, तेव्हा लांब दांड्याचा चमचा घ्या. पाणी आटत गेलं की आवाज बदलतो, उलथन्याने ओढलं की कढईचा तळ दिसतो आणि रेघ क्षणभर तशीच राहते. तिथे गॅस बंद. काट्यावर १७० ग्रॅम भरायला हवा. पूर्ण गार होऊ द्या, गरम गर अंड्यात पडला तर फेस तिथेच मोडतो.

एवढा खटाटोप नको असेल तर संत्र्याचं फक्त किसलेलं वरचं साल घाला आणि गराऐवजी ८० ग्रॅम वितळवून कोमट केलेलं लोणी. केक वेगळा होतो, पण बसत नाही.

मनुका, टुटीफ्रुटी, खजूर यांचंही तेच. संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवलेले मनुके थेट घोळात गेले की त्यांच्याभोवती कच्ची पोकळी राहते. भिजवा खुशाल, पण चाळणीत निथळून, फडक्यावर पसरून, वर चमचाभर बदाम पीठ भुरभुरून मगच घाला. तुकडे वाटाण्याएवढेच ठेवा. फळं तळाशी जातात ती जडपणामुळे, आणि बदामाचा घोळ मैद्याच्या घोळाइतका दाट नसतो. टुटीफ्रुटी पाकातून काढलेली असते, ती तर धुऊन वाळवूनच घ्या. गडचिरोली-चंद्रपूरकडे वाळलेली मोहफुलं हाताशी असतात. मनुक्यांच्या जागी मूठभर घालून पाहण्यासारखी आहेत, फक्त आतले केसर काढून, नीट निवडून घ्या. वास उग्र असतो, सगळ्यांना रुचेलच असं नाही. मला रुचतो.

'चार अंडी' म्हणजे किती?

ही गोष्ट कृतीत कुणी लिहीत नाही. पोल्ट्रीचं अंडं टरफलाशिवाय साधारण ५० ग्रॅम भरतं. गावरान अंडं त्यापेक्षा बरंच लहान. घरच्या कोंबड्यांची चार अंडी फोडली तर कधी कधी १५० ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. ज्या केकला अंड्याशिवाय दुसरा आधारच नाही, त्यात पाव भाग अंडं कमी पडलं तर तो बसणारच. २०० ग्रॅम तोलून घ्या, मग ती चार होवोत की सहा.

अंडी आणि साखर एकत्र फेटताना कंटाळा करू नका. फेस पांढरट, दाट झाला पाहिजे आणि वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठभागावर दिसत राहिली पाहिजे. हाताने फेटणार असाल तर पांढरं आणि पिवळं वेगळं करून फेटलेलं सोपं जातं. लोणी आणि साखर फेसायची मैद्याच्या केकची पद्धत उन्हाळ्यात इथे चालवू नका. मे महिन्यात लोणी फेसत नाही, वितळतं, घोळ फाटतो आणि तळाशी तेलाचा थर बसतो.

अंडं चालत नाही अशा घरांसाठी स्पष्टच सांगते. निव्वळ बदाम पिठाचा, अंड्याशिवायचा केक दही, सोडा, जवसाचं पाणी असं काहीही घालून मैद्याच्या केकसारखा उभा राहत नाही. त्याची चांगली वडी होते. गहू चालत असेल तर अर्धा मैदा घालून दह्यावर करा आणि त्याला बदामाचा केक म्हणा, कुणी हरकत घेणार नाही.

ओटीजी आणि लाइटीचा खेळ

घोळ अगदी बरोबर असूनही केक बसतो, तेव्हा भिंतीवरच्या सॉकेटकडे पाहा. ओटीजीची कॉइल २३० व्होल्टला जेवढी उष्णता देते, तेवढी १८० व्होल्टला देत नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १८० व्होल्टला ती जेमतेम ६१ टक्के उरते. १५०० वॉटचा ओटीजी प्रत्यक्षात ९२० वॉटच्या आसपास चालतो. कृतीत 'दहा मिनिटं गरम करा' लिहिलेलं असतं, ते शहरातल्या लाइटीचं. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे, टीव्ही, पंखे, कूलर एकदम सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो, तो वेळ केकचा नाही. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर येणाऱ्या व्होल्टेजचा आकडा दिसत असेल तर तो पाहून वेळ ठरवा. मात्र ओटीजी त्या स्टॅबिलायझरला लावू नका, तो एवढ्या भाराचा नसतो.

भर दुपारी किंवा सकाळी लवकर, जेव्हा लाइट दमदार असते, तेव्हा भाजा. ओटीजी २० मिनिटं तरी रिकामा तापू द्या. बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांची गाठ पडेलच असं नाही. ओव्हनचं थर्मामीटर आत टांगलं तर पुष्कळ केक वाचतात. १६० अंश, खालची-वरची दोन्ही कॉइल चालू, टिन मधल्या जाळीवर. वरून रंग चढायला लागला की फॉइल सैल झाका. बदाम आणि साखर लवकर तांबूस होतात आणि रंग पाहून फसायला होतं. वरून खरपूस दिसणारा केक आत कच्चा असणं इथे नेहमीचंच.

पहिली ३५-४० मिनिटं दार उघडायचं नाही. लाइट गेली तरी नाही. अर्धा तास उलटून गेला असेल तर दार बंदच ठेवा, आतल्या उष्णतेवर काम पुढे सरकत राहतं. परत आली की वेळ वाढवून घ्या. सुरुवातीलाच गेली आणि लवकर येण्याचं चिन्ह नसेल तर टिन सरळ कुकरमध्ये हलवा. म्हणून मी ओटीजी लावताना शेजारी जाड बुडाच्या कुकरमध्ये मिठाचा थर आणि त्यावर स्टँड ठेवूनच देते. शिट्टी आणि रबर काढलेलं, पाणी अजिबात नाही, आच अगदी मंद. कुकरमध्ये वेळ जास्त लागतो, वरून रंग येत नाही आणि झाकणाला जमलेली वाफ थेंबथेंब केकवर पडते. टिनावर बटर पेपर सैल झाकला की ते थांबतं.

शिजला की नाही हे काडीवर सोडू नका. बदामाच्या केकमधून काडी जरा ओलसरच येते आणि मनुका टोचला गेला तर चिकट. कडांनी टिन सोडलंय का, मध्यावर बोट हलकेच दाबलं की खाच भरून येते का, टिन हलवलं की मधला भाग डचमळतो का, हे पाहा. स्वयंपाकाचं टोचायचं थर्मामीटर असेल तर मध्यात ९५ ते ९७ अंश दिसले की बंद करा.

थंड करतानाची गडबड

ओटीजी बंद करून दारात लाकडी चमचा अडकवा, दहा मिनिटं तसंच राहू द्या. एकदम बाहेर काढला की वाफ आकसते आणि ताजी भिंत आत ओढली जाते. नंतर टिनमध्ये पंधरा-वीस मिनिटं, मग जाळीवर. थंडीच्या दिवसांत टिनमध्ये पूर्ण गार केला तरी चालतो, पण उन्हाळ्यात खोलीच इतकी तापलेली असते की केक तासन् तास कोमट राहतो, त्याची वाफ तळाशी घाम धरते आणि शिजलेला केक ओला होतो. कूलरसमोर मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते. साधा पंखा बरा.

माझं प्रमाण

सात इंची गोल टिन, तळाला आणि कडेला बटर पेपर. २०० ग्रॅम बदाम पीठ, १५० ग्रॅम साखर, टरफलाशिवाय २०० ग्रॅम अंडी, आटवलेला संत्र्याचा गर १७० ग्रॅम, बेकिंग पावडर एक लहान चमचा सपाट, मनुका-टुटीफ्रुटी मिळून ८० ग्रॅम, चिमूट मीठ, थोडी वेलची. अंडी आणि साखर फेटून घ्या, गर हलक्या हाताने मिसळा. पीठ आणि पावडर एकत्र चाळून दोन-तीन वेळा करून घाला, फळं शेवटी. घोळ वाट पाहत ठेवू नका, लगेच टिनमध्ये ओता. १६० अंशांवर ५५ ते ६५ मिनिटं, लाइट मंद असेल तर त्याहून जास्त.

साखरेच्या जागी गूळ घालायचा असेल तर बारीक किसून घाला आणि गर २० ग्रॅमने कमी करा, गुळात स्वतःचा ओलावा असतो. आणि मामंजींना साखरेचा आजार आहे म्हणून बदामाचा केक, असं कुणी म्हणालं तर जरा थांबा. मैदा गेला तरी दीडशे ग्रॅम साखर आणि मनुके तिथेच आहेत. पातळ एक तुकडा द्यायचा, अर्धा केक नव्हे.

कापायची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी काप जास्त स्वच्छ पडतात आणि संत्र्याचा वासही मुरतो. उन्हाळ्यात बाहेर दोन दिवसांच्या वर ठेवू नका, फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. बाहेर ठेवायचा असेल तर डब्याखाली परातीत पाणी, नाहीतर मुंग्या तुमच्या आधी पोचतात.